आयसीसीयूतील रक्ताचे नमुने आणि एक प्रबंध

मेडिसिन विषयातील एम.डी.च्या तीन वर्षांत रुग्णसेवा, रात्रपाळ्या आणि परीक्षेचा अभ्यास यांच्या जोडीने एक प्रबंध पूर्ण करावा लागतो, आणि लेखी परीक्षेच्या किमान सहा महिने आधी तो सादर झाला नाही तर परीक्षेला बसता येत नाही. मराठवाड्यातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मी ऑक्टोबर २०२२ मध्ये रुजू झाले, तेव्हा वॉर्डातील कामापेक्षा मला या प्रबंधाचीच अधिक धास्ती वाटत होती. माझा विषय होता, हृदयविकाराचा तीव्र झटका आलेल्या रुग्णांच्या रक्तातील दाहदर्शक घटक आणि त्या रुग्णांची पुढील वाटचाल. आता प्रबंध स्वीकारला गेला आहे आणि परीक्षाही झाली आहे. नव्या तुकडीतील रेसिडेंट त्याबद्दल विचारतात आणि त्यांना मी तुकड्यातुकड्यांनी जे सांगते, ते येथे सलग लिहून ठेवत आहे. घरातील कोणाला झटका येऊन गेला असेल आणि अहवालातील सीआरपीचा, म्हणजे दाह दाखवणाऱ्या प्रथिनाचा, आकडा पाहून ज्यांचा जीव धास्तावला असेल, त्यांनाही यातील काही भाग कामाचा वाटेल.

विषय मिळाला तो आमच्या मार्गदर्शक मॅडमच्या एका साध्या प्रश्नातून. एकाच रात्री दोन रुग्ण येतात, दोघांचे वय जवळपास सारखे, ईसीजीतील बदल सारखे, औषधेही तीच. एक पाचव्या दिवशी चालत घरी जातो आणि दुसरा तिसऱ्या दिवशी रक्तदाब कोसळून शॉकमध्ये जातो. दाखल होताना प्रत्येकाचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, होतोच, मग त्या स्वस्त तपासणीत या फरकाची काही पूर्वसूचना असते का, हे पाहावे, असे त्यांनी सुचवले. शासकीय रुग्णालयात काम करणाऱ्याला हा प्रश्न लगेच पटतो, कारण महागडी तपासणी आमच्याकडे कायम उपलब्ध असेलच असे नाही; सीबीसी मात्र रात्री दोन वाजताही होतो.

यामागचे शास्त्र मला वाचायला फार आवडले. रक्तवाहिनीतील चरबीचा थर फाटून गुठळी होते, हृदयाच्या स्नायूचा एक भाग रक्ताविना मरतो आणि मेलेल्या पेशींमधून बाहेर पडलेल्या द्रव्यांमुळे शरीराची दाहप्रक्रिया जागी होते. पहिल्या काही तासांतच न्यूट्रोफिल या श्वेतपेशी तेथे धाव घेतात. त्याच वेळी शरीरावरील ताणामुळे कॉर्टिसॉल वाढते आणि लिम्फोसाइट या दुसऱ्या श्वेतपेशी कमी होतात. त्यामुळे न्यूट्रोफिलच्या संख्येला लिम्फोसाइटच्या संख्येने भागले की मिळणारे गुणोत्तर, ज्याला आम्ही एनएलआर म्हणतो, ते दाह आणि ताण या दोन्हींचा अंदाज एकाच आकड्यात देते. सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन म्हणजे सीआरपी मात्र सावकाश चढते. इंटरल्युकिन-६ या संदेशवाहक प्रथिनाचा निरोप यकृताला पोहोचल्यावर ते तयार होऊ लागते, साधारण सहा तासांनंतर रक्तात वाढू लागते आणि दोन ते तीन दिवसांनी शिखर गाठते. हा वेळेचा हिशेब पुढे माझ्या संपूर्ण कामाचा कणा ठरला.

सीआरपीचा शोध १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांवर काम करताना लावला. हृदयविकाराशी त्याचा संबंध ठळकपणे पुढे यायला नव्वदचे दशक उजाडावे लागले. १९९४ मध्ये इटलीतील संशोधकांनी अस्थिर अंजायनाच्या (विश्रांतीतही छातीत कळ येणाऱ्या) रुग्णांत सीआरपी वाढलेले असेल तर पुढील धोका अधिक असतो असे दाखवले, आणि १९९७ मध्ये अमेरिकेतील पॉल रिडकर यांच्या गटाने वरवर निरोगी असलेल्या पुरुष डॉक्टरांच्या जुन्या रक्तनमुन्यांवरून तसाच निष्कर्ष मांडला. हे सारे वाचून झाल्यावर माझा समज असा झाला होता की उत्तर आधीच सापडलेले आहे आणि मला केवळ आमच्या रुग्णांत ते पडताळून पाहायचे आहे.

सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, फेब्रुवारी २०२३ मध्ये द्यायचा होता. नवख्यांनी एक करावे: सिनॉप्सिस लिहायला बसण्यापूर्वी पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातील संख्याशास्त्राच्या शिक्षकांकडे जावे. नमुनासंख्या किती असावी हे सूत्राने ठरते, आणि ते सूत्र कोणत्या आधीच्या अभ्यासातील कोणत्या टक्केवारीवर बेतले आहे हे सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट लिहावे लागते. माझ्याकरिता शंभर रुग्ण ठरले. कोणाला घ्यायचे हे सोपे होते. कोणाला वगळायचे यावर अधिक विचार करावा लागला. ताप किंवा जंतुसंसर्ग, संधिवातासारखे दाहाचे जुने आजार, कर्करोग, यकृताचा जुना विकार, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया किंवा मोठी जखम, आणि स्टेरॉइडची औषधे. यांतील प्रत्येक गोष्ट श्वेतपेशी किंवा सीआरपी यांचा आकडा बदलते. स्टेरॉइडचा मुद्दा मॅडमनी मुद्दाम अधोरेखित करायला लावला होता आणि त्याचे कारण प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर कळले.

नैतिकता समितीची बैठक मार्चमध्ये होणार होती. ती सदस्यसंख्या न भरल्यामुळे पुढे गेली आणि मंजुरीचे पत्र मे महिन्यात हाती आले. त्या दोन महिन्यांत मन फार अस्वस्थ होते, कारण मंजुरीपूर्वी एकाही रुग्णाची नोंद करता येत नाही आणि रोज आयसीसीयूत, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात, अभ्यासात बसतील असे रुग्ण येत असतात. आता मागे वळून पाहता समितीने विचारलेले सगळेच प्रश्न रास्त होते. जादा तपासणीचा खर्च कोण करणार, हा पहिला प्रश्न. उत्तर एकच असू शकते, रुग्णाकडून एक रुपयाही घेतला जाणार नाही. नमुन्यासाठी वेगळी सुई टोचणार का, हा दुसरा. आम्ही लिहून दिले की नेहमीच्या तपासण्यांसाठी रक्त काढतानाच दोन मिलिलिटर जादा घेतले जाईल. छातीत कळ येत असलेला माणूस संमतीपत्र कसे वाचणार, हा तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा. आमच्या प्रोटोकॉलमध्ये असे ठरले की उपचार प्रथम, संमती रुग्ण स्थिरावल्यावर, आणि नकार दिला तर त्याचा नमुना व नोंद दोन्ही काढून टाकायची. संमतीपत्र मराठीत होतेच; समितीने हिंदी प्रतही मागितली, कारण आमच्याकडे दखनी बोलणारे रुग्ण बरेच असतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. तो वाचन ऐकतो, रुग्णाचा अंगठा घेतला जातो आणि साक्षीदार सही करतो. रात्रीच्या वेळी असा साक्षीदार मिळणे कठीण, म्हणून संमतीचे काम मी शक्यतो सकाळच्या राउंडनंतर ठेवत असे.

समितीच्या मंजुरीनंतर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय, येथे नोंदणी केली. ती विनामूल्य आहे, परंतु पहिल्या रुग्णाची नोंद होण्यापूर्वी ती पूर्ण असावी लागते. अर्ज भरल्यावर तेथून शंका विचारल्या जातात, त्यांना उत्तरे द्यावी लागतात आणि यात काही आठवडे जातात. समितीचे पत्र स्कॅन करताना त्यावरील तारीख, शिक्का आणि प्रबंधाचे शीर्षक अक्षरशः सिनॉप्सिसप्रमाणेच आहे ना, हे तपासून घ्यावे. शीर्षकात एका शब्दाचा फरक असला तरी पुढे प्रत्येक टप्प्यावर खुलासा द्यावा लागतो.

खर्चाबद्दल फारसे कोणी बोलत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. सीबीसी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी तपासणी) रुग्णालयातच होत होते. प्रश्न होता सीआरपीचा. खासगी प्रयोगशाळेत अतिसंवेदनशील सीआरपीला, म्हणजे एचएस-सीआरपीला, एका नमुन्यामागे पाचशे ते हजार रुपये सांगत होते. शंभर रुग्णांचे दोन-दोन नमुने म्हटल्यावर तो मार्ग बंदच झाला. बायोकेमिस्ट्री विभागातील वरिष्ठ तंत्रज्ञ दादांनी मला दोन गोष्टी समजावल्या. पहिली अशी की अतिसंवेदनशील पद्धत लागते ती अगदी कमी पातळी अचूक मोजण्यासाठी. निरोगी माणसाच्या हृदयाच्या धोक्याचा अंदाज घेताना लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी, १ ते ३ आणि ३ पेक्षा अधिक अशा पायऱ्या मानतात, तेथे ती हवीच. झटक्यानंतर तिसऱ्या दिवशी आकडा त्या पट्ट्याच्या कितीतरी वर गेलेला असतो, त्यामुळे त्या नमुन्याला साधे संख्यात्मक सीआरपी पुरते आणि ते पुष्कळ स्वस्त पडते. दुसरी गोष्ट, किट उघडल्यावर त्याची मुदत भराभर संपते, म्हणून सीरम वेगळे करून उणे २० अंशांवर ठेवावे आणि नमुने साचले की एकत्र लावावेत. किट, कॅलिब्रेटर आणि कंट्रोल मिळून माझे पंधरा हजारांच्या आसपास खर्च झाले, तेही विद्यावेतनातून. प्रबंधासाठी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, अर्थसहाय्याची योजना असते. तिचे अर्ज ठरावीक काळातच घेतले जातात, म्हणून सिनॉप्सिस मंजूर होताच त्याची चौकशी करावी. डीप फ्रीझर जनरेटरच्या लाइनवर आहे का, हेही पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाते, आणि नमुने एकदा वितळले की पुन्हा गोठवून उपयोग नसतो.

जुलै २०२३ मध्ये पहिल्या रुग्णाची नोंद झाली, आणि लगेचच लक्षात आले की प्रोफॉर्मातील, म्हणजे रुग्णाच्या नोंदपत्रकातील, सर्वांत अवघड रकाना रक्ताचा नसून वेळेचा आहे. सीआरपी सहा तासांनंतर चढू लागत असेल, तर दुखणे सुरू झाल्यापासून दोन तासांत आलेल्या शहरातील माणसाचा आकडा आणि चौदा तासांनी तांड्यावरून आलेल्या माणसाचा आकडा एकाच रांगेत मांडून चालत नाही. परंतु "छातीत कधी दुखायला लागलं?" या प्रश्नाला "सकाळी" एवढेच उत्तर मिळते. मग मी रुग्णाच्या दिवसाला धरून विचारू लागले. एका आबांना विचारले, "म्हशीची धार काढायच्या आधी दुखलं की नंतर?" ते म्हणाले, "धार काढूनच उठलो होतो, तर सगळं अंग घामानं भिजलं." त्यांची पत्नी शेजारी उभी होती, तिने डेअरीची गाडी कधी येते ते सांगितले आणि वेळ अर्ध्या तासाच्या फरकाने नक्की झाली. शाळेची घंटा, मुक्कामाची एसटी, मशिदीतील अजान, नळाला पाणी येण्याची वेळ. यांच्या आधाराने घेतलेली नोंद घड्याळ विचारून घेतलेल्या नोंदीपेक्षा भरवशाची ठरली.

दुसरी अडचण स्टेरॉइडची. छातीत कळ आली की पुष्कळजण प्रथम पित्त झाले म्हणून सोडा घेतात, मग गावातील डॉक्टरकडे जातात, तेथे एक-दोन इंजेक्शने मिळतात आणि आराम पडला नाही की आमच्याकडे येतात. त्या इंजेक्शनांत कधी डेक्सामेथासोन असते. स्टेरॉइडमुळे न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात, म्हणजे एनएलआर आपोआप फुगते, आणि ते हृदयामुळे फुगले की इंजेक्शनमुळे हे सांगता येत नाही. त्यामुळे नातेवाइकांना रिकामी कुपी किंवा चिठ्ठी आणायला सांगणे हा माझा नेम झाला. जेथे काहीच कळले नाही आणि शंका राहिली, तेथे रुग्ण अभ्यासातून वगळला. संख्या भरण्यासाठी अशा रुग्णांना आत घेण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण आकडेवारी नंतर काहीही करून तो दोष धुऊन काढू शकत नाही.

नमुन्याच्या बाबतीत लहान पण महत्त्वाच्या गोष्टी अशा. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतल्यावर ती आठ-दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करावी. घाईत ते राहिले की गुठळी होते आणि प्रयोगशाळा नमुना परत पाठवते. रात्रीच्या प्रयोगशाळेतील यंत्र श्वेतपेशींचे तीनच गट दाखवणारे असेल, तर त्यातील ग्रॅन्युलोसाइटचा आकडा म्हणजे निव्वळ न्यूट्रोफिल नव्हे. अशा वेळी काचपट्टीवर स्मिअर करून पॅथॉलॉजीतील रेसिडेंटकडून मोजणी करून घ्यावी. सीआरपीचे एकक प्रत्येक अहवालावर वाचावे. काही ठिकाणी ते लिटरमागे देतात, काही ठिकाणी डेसिलिटरमागे, आणि या दोहोंत दहापटींचा फरक असतो. घरी अहवाल वाचणाऱ्या नातेवाइकांनीही हे ध्यानात ठेवावे. झटक्यानंतर सीआरपी वाढणे अपेक्षितच आहे. तो आकडा कोणत्या दिवशीचा, कोणत्या एककातील आणि सोबत लघवीचा किंवा छातीचा संसर्ग आहे का, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यावरून काहीच ठरत नाही. आमच्याकडील एका आजींचे सीआरपी चौथ्या दिवशी फार वाढले होते, आणि कारण निघाले ते कॅथेटरमुळे झालेला मूत्रमार्गाचा संसर्ग.

रक्त काढताना नातेवाइकांना वाटणारी काळजी मी कधी कमी लेखली नाही. "मॅडम, एवढं रक्त कशाला काढायलात? अंगात राहिलंय किती?" असे एका रुग्णाच्या पत्नीने विचारले, तेव्हा मी नळी तिच्या हातात दिली आणि दाखवले की जादाचे रक्त अर्ध्या चमच्याहूनही कमी आहे. त्यानंतर तिने स्वतःहून संमतीपत्र पूर्ण ऐकून घेतले. स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारे औषध चालू असताना मात्र मी अभ्यासासाठी कधीच सुई टोचली नाही. ते औषध तासाभरात १५ लाख युनिट जाते, रक्तदाब खाली येऊ शकतो, टोचलेल्या जागेतून रक्त वाहत राहते, आणि त्या तासात डॉक्टरचे लक्ष मॉनिटरवरच हवे. पहिला नमुना औषध सुरू करण्यापूर्वी, नेहमीच्या तपासण्यांसोबतच घेतला जाई. तेव्हा जमला नाही तर रुग्ण अभ्यासाबाहेर, असा आमचा नियम होता.

फॉलो-अप तीस दिवसांनी आणि सहा महिन्यांनी घ्यायचा होता. येथे आमच्या भागाचे वास्तव आडवे आले. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. ऑगस्टमध्ये झटका येऊन गेलेला माणूस नोव्हेंबरात कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतो, आणि त्याने दिलेला मोबाइल नंबर बंद लागतो. म्हणून प्रत्येक रुग्णाचे किमान तीन नंबर घ्यावेत: स्वतःचा, गावात राहणाऱ्या नातेवाइकाचा, आणि शक्य असेल तर गावातील आशाताईंचा. माझे हरवलेले बरेच रुग्ण आशाताईंमुळेच सापडले. फोन संध्याकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान करावा, माणसे रानातून परतलेली असतात आणि जेवणे व्हायची असतात. "तात्या रानात गेलेत, गोळ्या चालू हायत," असे ऐकू आले की दिवसभराचा शीण जात असे.

अँजिओप्लास्टी कोणाची झाली आणि कोणाची नाही, याची नोंदही याच टप्प्यावर पूर्ण करावी लागली, कारण त्याचा परिणाम सरळ निकालावर होतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अनेकांची प्रक्रिया दुसऱ्या रुग्णालयात विनामूल्य झाली. शिधापत्रिका आणि ओळखपत्र दाखल होतानाच आणायला सांगितले आणि योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला त्याच दिवशी भेटवले, तर मंजुरीत वेळ जात नाही. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मागवून ठेवला की कोणत्या रक्तवाहिनीत स्टेंट टाकला, हे नंतर शोधत बसावे लागत नाही.

काही फोन मात्र वेगळे होते. एका मुलाने सांगितले की वडील मागच्या महिन्यात वारले. मी सांत्वनाचे दोन शब्द बोलले, तेव्हा त्याने विचारले, "मॅडम, तुम्ही तेव्हा जे जादा रक्त घेतलं होतं, त्यात काही आधी दिसलं होतं का?" त्याच्या वडिलांचे एनएलआर आमच्या यादीत मधल्या गटात होते आणि सीआरपीही फार वाढलेले नव्हते. मी त्याला तेच सांगितले: आकडे अनेक बऱ्या झालेल्या रुग्णांसारखेच होते, त्यावरून कोणालाही हे आधी कळले नसते. आणायला उशीर झाला म्हणून तो स्वतःला दोष देत होता. त्याबद्दलही आम्ही बराच वेळ बोललो. त्या रात्री मास्टर चार्टमधील, म्हणजे सर्व रुग्णांच्या माहितीच्या तक्त्यातील, त्या ओळीत निकालाची नोंद करताना मला प्रथमच नीट उमगले की शंभर माणसांच्या गटाबद्दल खरे असणारे विधान त्यातील एका माणसाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नसू शकते. याच्या उलटही घडले. एनएलआर सर्वाधिक असलेल्या रुग्णांपैकी एक काका सहाव्या महिन्यात ओपीडीत स्वतः सायकलवरून आले.

शेवटच्या रुग्णाची नोंद जून २०२४ मध्ये झाली आणि डिसेंबरअखेर सहा महिन्यांचा फॉलो-अप संपला. विश्लेषणासाठी महागडे सॉफ्टवेअर लागतेच असे नाही. आर किंवा जामोवी विनामूल्य मिळते. एनएलआर आणि सीआरपी यांचे आकडे एका बाजूला लांब शेपूट असलेले येतात, म्हणून सरासरीऐवजी मध्यक वापरावा आणि दोन गटांची तुलना करणारी मान-व्हिटनी चाचणी लावावी. पहिला निकाल आनंद देणारा होता: ज्यांचा मृत्यू झाला किंवा जे शॉकमध्ये गेले, त्यांचे दाखल होतानाचे एनएलआर इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक होते. परंतु संख्याशास्त्राच्या सरांनी वय, किलिप वर्ग (झटक्यानंतर हृदय किती थकले आहे त्याची श्रेणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची तपासणी) आणि इकोवरील हृदयाची पंप करण्याची क्षमता एकत्र घेऊन पाहायला सांगितले, तेव्हा एनएलआरचे स्वतःचे वजन बरेच उतरले. तिसऱ्या दिवसाचे सीआरपीही मुख्यतः स्नायूचा किती भाग मेला त्याच्याबरोबरच चढत होते. किलिप यांनी १९६७ मध्ये केवळ स्टेथोस्कोप आणि रुग्णाची अवस्था पाहून केलेले चार वर्ग आजही इतके उपयोगी पडतात, हे पाहून मला या विषयाच्या जुन्या डॉक्टरांबद्दल फार आदर वाटला. झटक्यानंतरचा धोका मोजण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ग्रेस स्कोअरमध्येही वय, नाडी, रक्तदाब, क्रिएटिनिन, किलिप वर्ग अशा गोष्टी आहेत. दाहदर्शक घटक त्यात नाहीत. आमच्याकडे वाईट घटनांची संख्या मर्यादित होती, त्यामुळे एका समीकरणात अनेक घटक कोंबणेही योग्य नव्हते, आणि हे मर्यादांच्या परिच्छेदात मी सविस्तर लिहिले. आपल्याच माहितीतून रेषा ओढून "इतक्याच्या वर धोका" असा आकडा काढता येतो, तो देखणाही दिसतो. पण दुसऱ्या रुग्णांच्या गटावर पडताळल्याशिवाय तो वॉर्डात वापरू नये, असे मी तेथेच नमूद केले.

चर्चेचे प्रकरण लिहिताना खरा कस लागला. दाह कमी केला तर निकाल सुधारतो का, यावर झालेले मोठे अभ्यास मी क्रमाने मांडत होते. २०१७ च्या कँटोस अभ्यासात पूर्वी झटका येऊन गेलेले आणि सीआरपी वाढलेले १०,०६१ रुग्ण होते. कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनाच्या १५० मिलिग्रॅम मात्रेने पुढील हृदयघटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या, परंतु जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. २०१८ मध्ये मेथोट्रेक्सेट या दाहविरोधी औषधाच्या अभ्यासातून लाभ दिसला नाही. २०१९ मध्ये कोलकॉट अभ्यासात झटक्यानंतर तीस दिवसांच्या आत रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन सुरू केलेल्या गटात घटना कमी झाल्या, आणि गाउटवरील हे जुने, स्वस्त औषध आपल्याही रुग्णांना उपयोगी पडेल या आशेवर मी ते प्रकरण संपवत आणले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लिअर सिनर्जी अभ्यास प्रसिद्ध झाला. झटक्यानंतर लगेच कोल्चिसिन किंवा औषधहीन गोळी दिलेल्या ७,०६२ रुग्णांच्या त्या चाचणीत कोल्चिसिनने सीआरपी खाली आले, पण हृदयविकाराने मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात अशा घटनांच्या एकत्रित प्रमाणात फरक पडला नाही. पूर्ण प्रकरण पुन्हा लिहावे लागले. ते करताना कंटाळा आला नाही, उलट माझ्याच मास्टर चार्टमध्ये जे धूसर दिसत होते, ते येथे हजारो रुग्णांवर स्पष्ट दिसले: रक्तातील खूण खाली आणणे आणि माणसाचा निकाल सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते. मार्गदर्शक मॅडमनी त्या प्रकरणात एकच दुरुस्ती सुचवली, की कोल्चिसिनबद्दल "निरुपयोगी" हा शब्द काढावा, कारण वेगवेगळ्या काळातील रुग्णांवरील चाचण्यांचे निकाल वेगवेगळे आले आहेत.

एप्रिल २०२५ मध्ये प्रबंध सादर केला. त्याआधीचे तीन आठवडे सह्या, शिक्के आणि साहित्यचौर्य तपासणीचा अहवाल यांत गेले. विभागप्रमुख आणि अधिष्ठाता यांच्या सह्यांची पाने आधीच छापून ठेवावीत, कारण दोघेही एकाच दिवशी कार्यालयात भेटतील याची खात्री नसते. संमतीपत्राचा कोरा नमुना, नैतिकता समितीचे पत्र, सीटीआरआय क्रमांक आणि मास्टर चार्ट हे परिशिष्टात जातात. मास्टर चार्टमध्ये रुग्णाचे नाव किंवा आयपीडी (दाखल रुग्णाचा) क्रमांक राहिलेला नाही ना, हे दोघांनी मिळून ओळीने तपासावे. छपाई आणि बांधणीला काही हजार रुपये लागले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारले की मग उद्या आयसीसीयूत तू एनएलआर पाहशील का. मी उत्तर दिले की पाहीन, कारण ते सीबीसीत फुकट मिळते, आणि ते फार वाढलेले दिसले तर त्या रुग्णाला पुन्हा एकदा तपासून किलिप वर्ग, लघवीचे प्रमाण आणि संसर्गाची चिन्हे पाहीन; केवळ त्या आकड्यावरून कोणाला सोडणार नाही किंवा कोणाला घाबरवणार नाही.

एक काम अनेकांकडून राहून जाते, ते म्हणजे प्रबंध स्वीकारल्यावर नैतिकता समितीला अभ्यास पूर्ण झाल्याचा अहवाल देणे आणि सीटीआरआयवरील स्थिती अद्ययावत करणे. सही केलेली संमतीपत्रे कुलूपबंद कपाटात विभागाच्या ताब्यात द्यावीत आणि त्याची पोच घ्यावी. उरलेले सीरम समितीला लिहून दिल्याप्रमाणे नष्ट करावे लागते. मी ते जैववैद्यकीय कचऱ्याच्या नोंदवहीत तारीख टाकून तंत्रज्ञ दादांच्या उपस्थितीत केले आणि त्या पानाची प्रत पूर्णता अहवालाला जोडली.